हवालदारांचं पाऊल

दलसिंग हवालदारांचं पाऊल तीस इंचांचं होतं. साडेएकोणतीस नाही, सव्वातीस नाही, तीस. गोमाईकाठच्या त्या गावात निम्म्या लोकांना स्वतःचं वय धड सांगता येत नसे, पण चालताना हवालदारांचं एक पाऊल किती इंचांवर पडतं, हे पोराटोरांनाही पाठ होतं. कुणी लांब बोलायला लागला की लोक म्हणत, "आबा, याची जीभ जरा मोजून द्या."

गुलाब ही त्यांची नात, मुलगा भीमसिंग याची थोरली. इतर पोरींचे आजोबा ओट्यावर बसून तंबाखू मळत. तिचे आजोबा पहाटे दाढी करून, पागोटं बांधून, बुटांना तेल लावून तयार असत आणि गाईंनासुद्धा रांगेत बांधत. घरातले हंडे-कळशा उंचीप्रमाणे लावलेले. आजी कौसाबाई एखादी कळशी मुद्दाम मध्येच घुसडून ठेवी आणि पदराआड हसत म्हणे, "मन्हं लगीन माणूससंगे नही, पलटणसंगे व्हयनं!"

तर हे पलटणीचं प्रकरण असं. विसाव्या वर्षी बापाशी भांडून दलसिंग घराबाहेर पडले ते थेट सैन्यात भरती झाले. तोवर अक्षराशी ओळख नव्हती. बराकीत बाकीचे पत्ते कुटत तेव्हा हे एका कारकुनाच्या मागे लागून आधी बालबोध शिकले, मग मोडी, मग कामापुरतं इंग्रजी, आणि एका पठाण सोबत्याकडून उर्दू. वाचायचं वेड लागलं ते लागलंच. पुड्याचा कागदही ते उलगडून, सरळ करून वाचत. पहिल्या महायुद्धात पलटण बसऱ्याला गेली. तिथे नकाशे काढणाऱ्या साहेबाच्या हाताखाली ते पावलांनी अंतर मोजायला शिकले. एकोणीस साली परत आले तेव्हा पंचक्रोशी त्यांची ट्रंक बघायला जमली होती. रेशमी कापड निघेल, घड्याळ निघेल असा सगळ्यांचा अंदाज. निघाली पुस्तकं, एक होकायंत्र आणि पाऊल तपासायची तीस इंची छडी. कौसाबाई सर्वांदेखत म्हणाली, "इतला वरीस वाट दखी, अन् हाई काठी लई उनात?"

त्या काठीच्या जोरावर हवालदारांनी जे काम आरंभलं ते कुणी सांगितलं नव्हतं, की त्याचं कुणी काही देणार नव्हतं. त्यांना आपलं गाव कागदावर उतरवायचं होतं. प्रत्येक वावर, विहीर, नाला, खुणेचा दगड. कुठून कुठवर किती पावलं. आणि खाली त्या जागेचं नाव कसं पडलं त्याची हकीकत. त्यासाठी ते भिल्लांच्या वस्तीवर जात, मेंढपाळांशी तासन् तास बोलत. अक्राणीच्या डोंगरातून शहाद्याच्या बाजाराला डिंक घेऊन येणाऱ्या रायसिंग पावऱ्याला त्यांनी एकदा विचारलं, धडगाव इथून किती लांब? तो म्हणाला, अकरा चिलमी. ऐकणारे हसले. हवालदार हसले नाहीत. ते रायसिंगसोबत तीन दिवस पावलं मोजत घाट चढून धडगावला गेले, आणि परत आल्यावर वहीत दोन्ही आकडे लिहून खाली टीप दिली: "रायसिंगची चिलीम चढावर लवकर संपते."

असा माणूस. गुलाबला तो फार आवडे, आणि त्याची थोडी भीतीही वाटे. भीतीचं कारण एक गोष्ट. बसऱ्याकडे असताना पलटणीतल्या एका नाईकाने कालव्याची खोली न मोजताच अंदाजाने लिहून दिली होती. त्या आकड्यावर विसंबून अकरा जण पाण्यात उतरले आणि एकही वर आला नाही. ही गोष्ट सांगताना हवालदारांचा आवाज बदलत असे. एरवी शिकवताना ते पुस्तकी मराठीत बोलत आणि घरातलं अहिराणीत, पण ही गोष्ट त्यांनी नेहमी पुस्तकी मराठीतच सांगितली. शेवटी म्हणत, "चुकलेला आकडा सुधारता येतो, गुलाब. खोटा आकडा माणसं मारतो."

रोज सकाळी ते पाऊल तपासत. लोक घड्याळ लावतात तसं. घराच्या ओट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत तीनशे वीस पावलं, हे एकोणीस सालीच ठरलेलं. गुलाब आठ वर्षांची झाल्यावर मोजायचं काम त्यांनी तिच्याकडे दिलं, कारण त्यांना चालताना तिला काहीबाही शिकवायचं असे. कधी त्रैराशिक, कधी कुठल्या राजाने कुठला किल्ला का गमावला ते. ती मुठीत चिंचोके घेऊन मागे चाले. शंभर पावलं झाली की एक चिंचोका या मुठीतून त्या मुठीत. तीन चिंचोके आणि वर वीस. पाराशी पोचल्यावर हवालदार वळून विचारत, "कितला?" ती म्हणे, "तीनशे वीस." मग ते मारुतीला सलाम ठोकत. नमस्कार नाही, सलामच.

चौतीस सालच्या शिमग्यानंतर एका सकाळी तिने मोजले तीनशे तेवीस. तिने तसं सांगितलं. हवालदार तसेच माघारी फिरले, ओट्यापासून पुन्हा निघाले, या खेपेला पाय ताणून ताणून टाकत, ओठ दाबून. तीनशे वीस बरोबर भरले. पण दुपारपर्यंत त्यांचा उजवा गुडघा टम्म फुगला. त्या गुडघ्याने बसऱ्यालाच एकदा दगा दिला होता. दोन दिवस ते खाटेवर पडून राहिले. कौसाबाई निरगुडीचा पाला शेकत करवादली, "गुडघा सुजेल शे, अन् हाऊ माणूस इंच मोजी ऱ्हायना!"

खाटेवरचे आजोबा गुलाबने त्याआधी कधी पाहिले नव्हते. तिला रडू आलं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा निघाले तेव्हा पाराशी पोचेपर्यंत तीनशे सव्वीस झाले होते. त्यांनी वळून विचारलं. बारा वर्षांची पोर, तिने त्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "तीनशे वीस." हवालदारांचा चेहरा खुलला. त्यांनी कडक सलाम ठोकला. एकदा सांगितल्यावर मग रोजच सांगावं लागलं. श्रावण सरला तेव्हा खरा आकडा तीनशे अडतीसवर गेला होता, आणि तो फक्त गुलाबला ठाऊक होता.

त्याच भादव्यात गोमाईला पूर आला. माणसं वाचली, गुरं वाचली, पण नदीकडची वावरं गाळाखाली गेली. दगूबाईचं वावर आणि त्याला लागून असलेलं बन्सीलालचं वावर यांच्यामधला बांध वाहून गेला, बांधावरची बाभूळ गेली, खुणेचा दगडही गेला. पाणी ओसरलं तेव्हा तिथे नुसता सपाट काळा गाळ होता. दगूबाई विधवा, एकटी. तिचा दीर म्हणवणारा बन्सीलाल तसा वाईट माणूस नव्हता, पण जमीन समोर सपाट दिसली की चांगल्या माणसाचीही नजर जरा पुढे सरकतेच. तो म्हणे हद्द अलीकडे होती, ती म्हणे पलीकडे. धुळ्याहून सरकारी मोजणीदार यायला सहा महिने लागणार, आणि दादर ज्वारी पेरायला पंधरा दिवसही नव्हते.

पंचांनी ठरवलं, हवालदारांची वही काढा. वहीत स्वच्छ लिहिलेलं होतं: दगूबाईच्या सासऱ्याच्या विहिरीच्या काठापासून थेट उगवतीकडे दोनशे चाळीस पावलं, तिथे खुणेचा दगड. विहीर दगडी बांधणीची, ती जागच्या जागी होती. दोघांनीही मान्य केलं. हवालदारांचं पाऊल आणि हवालदारांची वही, यात वाद घालायचा प्रश्नच नव्हता.

कौसाबाई घरात पुटपुटली होती, "काठी नही तं बांबू तरी ल्या." हवालदार म्हणाले, "बांबूले डोकं नही ऱ्हास." जुना खाकी कोट घालून ते विहिरीशी उभे राहिले. होकायंत्र लावलं. आज मोजणी मीच करणार, म्हणाले, कारण हे सरकारी कामासारखं काम. निम्मं गाव बघत होतं. गुलाब गर्दीत आजीच्या पदराला धरून उभी होती. आजोबांचं पहिलं पाऊल पडलं आणि हद्द अलीकडेच पडणार हे तिला कळलं. तिला त्रैराशिक येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

दोनशे चाळीसाव्या पावलावर ते थांबले, खुट्टी ठोकायला लावली. दगूबाई ती खुट्टी पाहून मटकन खाली बसली. आपलं वावर तिला पायाखालून माहीत होतं. "आबा," ती म्हणाली, "मन्हा वावरमा नदी घुसनी, आते तुम्हीन बी घुसनात का?"

दगूबाई पुन्हा म्हणाली, "खंदीसन तरी दखा. कोयसा सापडी." तिचं म्हणणं खरं तर साधं होतं. खुणेचा दगड पुरताना खाली कोळसे टाकायची रीत आहे. दगड हलला, चोरला, वाहून गेला तरी कोळसा कुजत नाही, खणलं की जागा सापडते. पण बन्सीलालने गोड आवाजात विचारलं, "वहिनी, हवालदारना पाऊलवर भरोसा नही का तुम्हले?" आणि हवालदारांना ते लागलं. पंधरा वर्षांत त्यांच्या पावलाखाली खणून बघा असं कुणी म्हटलं नव्हतं. "खणायची गरज नाही," ते म्हणाले आणि कोटाची बटणं सोडत घराकडे चालू लागले. परवाच्या एकादशीला दगड बसवायचा ठरला.

गुलाब तो दिवसभर जेवली नाही. आता हे सांगायला सोपं आहे, पण बारा वर्षांच्या पोरीचा विचार करा. खरं सांगावं तर आजोबांच्या लेखी ती त्या नाईकाच्या रांगेत जाऊन बसणार. न सांगावं तर दगूबाईचं वावर जाणार. दगूबाई तिला भुईमुगाच्या ओल्या शेंगा देई, पण शेंगांचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की आजोबांनी पुन्हा कधी आपल्याला मोजायला बोलावलंच नाही तर काय. या एका विचाराने तिचा जीव अर्धा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार माजघरात चष्मा लावून, वहीवर कालची नोंद करायला बसले होते. लेखणी दौतीत बुडवलेली. गुलाब समोर जाऊन उभी राहिली, पलटणीतल्यासारखी, हात सरळ खाली.

"आबा, मी तुम्हले खोटं सांगं."

त्यांनी वर पाहिलं.

"तीनशे वीस नही व्हतात."

त्यांनी लेखणी दौतीतच राहू दिली. मग विचारलं, "कितला?"

"तीनशे अडतीस."

"कव्हयपासून?"

"शिमगापासून. तुमना गुडघा सुजस म्हनीसन..."

ती थपडेची वाट बघत होती. थपडेने बरं वाटलं असतं. हवालदारांनी लेखणी उचलली आणि वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडलं. तीनशे विसाला तीनशे अडतीस, तर दोनशे चाळिसाला किती? उत्तर आलं साडेदोनशेवर साडेतीन. म्हणजे आपली साडेतेरा पावलं कमी पडली. म्हणजे सुमारे एकवीस हात जमीन. त्यांनी त्या आकड्याखाली रेघ ओढली. मग चष्मा काढून हातात धरून बसले. "अकरा जण," ते पुटपुटले. गुलाबला वाटलं होतं ते रागावतील. ते घाबरले होते. एवढा मोठा माणूस घाबरलेला बघायला तिच्या मनाची तयारी नव्हती.

संध्याकाळी ते पाराकडे निघाले. अंगावर पुन्हा तो कोट, छातीवर पदक. गुलाबला म्हणाले, "चाल." रस्ताभर ती मनात म्हणत होती, आता सगळ्यांपुढे माझं नाव घेणार. घ्यावंच त्यांनी. पारावर पंच होते, बन्सीलाल होता, बायांच्या घोळक्यात दगूबाई होती. हवालदार उभे राहिले.

"खुट्टी चुकनी," ते म्हणाले. "मन्हं पाऊल आखूड व्हयी गयं."

त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकू येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. बन्सीलाल उठून म्हणाला, "एकदाव ठोकेल खुट्टी कोनी उपाडस का, आबा? अन् तुम्हीन तं रोज तपासतस. पोर मोजस ना तुमनी?" सगळ्यांनी गुलाबकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"तपासानं काम मन्हं व्हतं," हवालदार म्हणाले. "मी ते दुसरावर टाकं. चूक मन्ही शे." मग दगूबाईकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. सलाम ठोकणाऱ्या माणसाने हात जोडले. "बाई, तू खंदाले सांगं, अन् मन्हा अहंकार आडवा उना."

दुसऱ्या दिवशी एकादशी. हवालदारांनी तीस इंची छडी भिंतीवरून काढली, तिच्या मापाने पाच पावलांचा एक बांबू तोडून घेतला आणि तो कुणाच्या हाती दिला असेल? गुलाबच्या. गावात कुजबुज झाली. पोरीने हद्द मोजायची? हवालदारांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विहिरीच्या काठाशी बांबूचं एक टोक टेकवून ती म्हणाली, "एक." ते मागून होकायंत्र धरून चालत होते, लंगडत, आणि ते लपवायचा प्रयत्न करत नव्हते. अठ्ठेचाळीस बांबू झाले तेव्हा जुनी खुट्टी बरीच मागे राहिली होती. तिथे खणलं. गाळ दोन हात, मग काळी माती. काही नाही. बन्सीलालच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला. मग कुदळ जरा बाजूला चालवली आणि दीड हातावर काळे, ठणठणीत कोळसे वर आले. दगूबाईने दोन कोळसे उचलून पदरात बांधले, जणू प्रसादच. बन्सीलाल म्हणाला, "बरं व्हयनं, बरं व्हयनं," आणि दगड उचलायला त्यानेच पहिला हात लावला. हेही सांगायला हवं.

हवालदारांनी वहीत नोंद केली: "बांबूने मोजणी. करणार: गुलाब. चूक: दीड हात." दीड हातही त्यांनी सोडला नाही.

आणि त्यानंतरच्या सकाळी गुलाब अंथरुणातच पडून राहिली. बुटांना तेल लावल्याचा वास आला. ओट्यावर पावलं वाजली, थांबली. मग आवाज आला, "चिंचोका कोठे शेत?" ती धडपडत उठली, डोळे चोळत धावली. पाराशी पोचल्यावर त्यांनी वळून विचारलं, "कितला?" ती म्हणाली, "तीनशे एकोणचाळीस." हवालदारांनी मान हलवली. मारुतीला सलाम ठोकला. आणि घरी येऊन तो आकडा, तारखेसकट, वहीत लिहिला.

त्या दिवसापासून तो आकडा वाढतच गेला, आणि एकदाही खोटा लिहिला गेला नाही. छत्तीस साली तीनशे सत्तावन्न. अडतीसला तिचं लग्न झालं, सासर लोणखेडा, हाकेच्या अंतरावर. माहेरी आली की तीच मोजी, एरवी कौसाबाई मोजे आणि कुरकुर करत सांगे, कधी चारशे दोन, कधी चारशे अकरा. चाळीसनंतर ते पारापर्यंत पोचेनासे झाले. मग मोजणी दगूबाईच्या दारापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत, मग ओट्याच्या पायरीपर्यंत. प्रत्येक जागा आणि प्रत्येक आकडा वहीत आहे. एवढा शूर माणूस आपल्या पायांची माघार स्वतःच्या हाताने लिहीत होता, आणि गुलाबला वाटे की त्यांनी लढाईत काय केलं ते आपल्याला ठाऊक नाही, पण ही हिंमत आपण डोळ्यांनी पाहिली.

त्रेचाळीसच्या माघात निरोप आला. ती पोचली तेव्हा हवालदार खाटेवर होते, दाढी मात्र केलेली. त्यांनी तिला पाहिलं आणि उठायला लागले. भीमसिंग धरायला धावला, त्याला हाताने थांबवलं. गुलाबच्या खांद्यावर हात ठेवून ते उभे राहिले. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत. एकेक पाऊल वीतभर. घरातली सगळी माणसं बघत होती. उंबऱ्याशी पोचून ते चौकटीला टेकले, छाती भात्यासारखी चालत होती, आणि त्यांनी वळून विचारलं,

"कितला?"

कमी सांगावं असं तिला वाटलं. फार वाटलं. दहा सांगितले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि आता कुणाचं वावर जाणार नव्हतं.

"सतरा, आबा," ती म्हणाली.

हवालदार समाधानाने हसले. "लिख," म्हणाले.

तिने लिहिलं. वहीतली ती शेवटची नोंद, तिच्या अक्षरात.